दाजींची शिट्टी

माणूस दिसायच्या आधी ऐकू येतो, हे मी आयुष्यात एकाच माणसाच्या बाबतीत पाहिलं. माझ्या ताईच्या नवऱ्याच्या. जिन्यावर दाजींचं पाऊल पडायच्या आधी त्यांची शिट्टी वर यायची. ओठांची नव्हे, ती त्यांना कधी जमलीच नाही. ही छातीतली. श्वास सोडला की सुरू व्हायची, बारीक, लांब, आणि शेवटी शेवटी जरा वर चढायची. गल्लीतली पोरं त्यांना शिट्टीमास्तर म्हणायची आणि दाजी बेधडक ओ द्यायचे. रागवायचं काम त्यांनी सगळं माझ्यावर सोपवलेलं होतं.

दाजी पंखे, मिक्सर, कूलर, पाण्याच्या मोटारी दुरुस्त करत. जळालेली तार उकलायची, नवी तांब्याची तार गुंडाळायची, तिची टोकं तापल्या आयर्नने सोल्डर करून जोडायची, वरून वार्निश मारायचं. घराखाली दुकान एकच, मध्ये प्लायवूडची भिंत. अलीकडे माझं शिलाईचं मशीन, पलीकडे दाजींचं टेबल. भिंत इतकी पातळ की त्यांनी तिकडे जांभई दिली तर झोप मला यायची. दिवसभर माझ्या मशीनची खटखट आणि त्यांची शिट्टी असं आमचं चालायचं. मी गप्प बसले की पलीकडून विचारणा व्हायची, "काय सुईबाई, दोरा तुटला की जीभ?" मेहुणीची चेष्टा करायचा हक्क दाजींना असतोच, पण माझ्या दाजींनी त्याचा जरा जास्तच फायदा घेतला.

मोटारीचं दुखणं ते डोळ्यांनी बघत नसत. एक लांब स्क्रूड्रायव्हर होता, पिवळ्या मुठीचा. त्याचं टोक चालू मोटारीला टेकवायचं, मूठ कानाला लावायची आणि डोळे मिटायचे. मग निदान व्हायचं. "बेअरिंग सुकलंय." "पातं घासतंय." समोरचा इस्त्रीवाला दुपारी खुर्चीत घोरायला लागला की त्याचंही निदान व्हायचं, "याच्या पडजिभेचा स्क्रू ढिला झालाय." आणि गिऱ्हाइकाला पंखा परत देताना एक वाक्य ठरलेलं असायचं, "आवाज म्हणजे बिघाड. आवाज गेला, बिघाड गेला. न्या." मग पंखा चालू करून दाखवायचे आणि तो खरोखर निमूट फिरायचा.

स्वतःच्या छातीतला बिघाड मात्र त्यांनी कधी मनावर घेतला नाही. "आमच्या घराण्यातच आहे ही, वडिलांनाही होती," म्हणायचे. ताईने थंड पाणी बंद केलं, उशा बदलल्या, खिडक्या लावून घेतल्या, जिन्याखाली राहणाऱ्या बिचाऱ्या मांजराला हाकलून दिलं. रोग म्हशीला आणि औषध पखालीला. शिट्टी होती तिथेच होती, उलट दर वर्षाला थोडी वरच्या पट्टीत गेली.

मग एकदा गल्लीतला ट्रान्सफॉर्मर जळाला. आठवडाभर करंट नाही. दाजींचं काम ठप्प. घरी बसून ताईला पिडायचे, इस्त्रीवाल्याशी पत्ते खेळायचे. आणि तीन-चार दिवसांत शिट्टी गेली. एका सकाळी ताई सुजलेल्या डोळ्यांनी खाली आली. म्हणाली, "झोपच लागली नाही गं. आवाज येईना म्हणून सारखी नाकापाशी हात नेऊन बघत होते." आम्ही दोघी खूप हसलो. नंतर करंट आला, दाजी टेबलापाशी बसले आणि आठवडा संपायच्या आत शिट्टीही येऊन बसली.

त्या वेळी मी हट्टाने त्यांना छातीच्या डॉक्टरबाईंकडे नेलं. बाई मोजकं बोलणाऱ्या. त्यांनी नळी लावून पुढून ऐकलं, पाठीमागून ऐकलं. मग म्हणाल्या, "आवाज श्वास सोडताना येतोय. म्हणजे छातीतल्या बारीक नळ्या आतून सुजून आवळल्यात. दाराच्या फटीतून वारा शिरला की कसा आवाज येतो, तसं आहे हे." दाजींना या विषयात फारच रस वाटला. त्यांनी सगळी माहिती काढून घेतली. घरघर आली तर समजायचं मोठ्या नळ्यांत कफ आहे. श्वास आत घेताना कर्कश आवाज आला तर अडथळा वर घशाशी असतो, त्याला थांबायचंच नाही, धावत यायचं. फुप्फुसात पाणी झालं की बारीक तडतड ऐकू येते. दाजी मान डोलवत होते. दोन कारागीर भेटल्यासारखे बोलत होते दोघं.

मग बाईंनी विचारलं, "काम बंद असलं की बरं वाटतं का?"

मी सांगितलं ट्रान्सफॉर्मरचं.

"सोल्डर करताना पांढरा धूर येतो तो सोल्डरमधल्या राळेचा," बाई म्हणाल्या. "काही जणांच्या छातीला तो बाधतो. एकदा बाधला की मग थोडासुद्धा चालत नाही."

"अहो, इतकी वर्षं नाही बाधला तो आता कसा बाधेल?"

"असंच होतं. वर्षानुवर्षं चालतं आणि मग एक दिवस छाती नाही म्हणते. तोंडाने ओढायचा पंप लिहून देते, तो रोज घ्यायचा. पण नुसत्या पंपाने भागणार नाही. त्या धुरात बसणं बंद करा. नाहीतर एखाद्या दिवशी या नळ्या पूर्ण मिटतील आणि मग मला वेळ मिळेल की नाही, सांगता येत नाही."

इतकं स्पष्ट मला कुणी सांगितलं असतं तर मी त्याच दिवशी दुकानाला कुलूप लावलं असतं. दाजी बाहेर येऊन म्हणाले, "बाई हुशार आहेत. पण धूर जातो नाकात. छातीत कशाला जाईल?" तोंडाला लावायचा मास्क आणला, तो दोन दिवस टिकला. "आरशात चोर दिसतो," म्हणाले. पंप कपॅसिटरच्या डब्यात तळाशी गेला. "सगळ्या गावाचे पंप मी दुरुस्त करतो, मला कशाला पंप? आणि त्याची सवय लागते म्हणे." टेबलाच्या मागच्या भिंतीत धूर बाहेर ओढायच्या पंख्यासाठी गोल भोक होतं. पंखा कुठे होता? कुणा घाईतल्या गिऱ्हाइकाला काढून दिला होता, आणि भोकात पुठ्ठ्याचा खोका कोंबला होता. लोकांना वारा द्यायचा आणि स्वतः धूर खायचा. माझ्या तोंडाला फेस आला सांगून सांगून, पण पालथ्या घड्यावर पाणी. ताई म्हणायची, "जाऊ दे, हा एक सीझन होऊन जाऊ दे." दुकान हे त्यांचं जगणं होतं. ते सुटलं तर माणूस दुसऱ्याच रोगाने जाईल, ही तिची भीती होती, आणि ती काही अगदीच खोटी नव्हती.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात कूलर आणि पंख्यांची रास दारापर्यंत आली. दाजी जेवायलाही वर येईनात, ताई डबा खाली आणायची. शिट्टी आठवडाभर चढत गेली. आधी श्वास सोडताना यायची, मग घेतानाही यायला लागली. चेष्टा करायची तर अर्ध्यात थांबून दम घ्यायचे आणि मग उरलेली चेष्टा करायचे. असल्या चेष्टेवर हसू कसं यावं? "पंप घ्या," मी भिंतीवर मूठ मारून ओरडायचे. "घेतो, घेतो," पलीकडून यायचं.

एका दुपारी माझ्या लक्षात आलं की पलीकडे शांत आहे. आणि मग ताईचं हसू ऐकू आलं. मोकळं, आनंदाचं. म्हणून मी गेले बघायला.

दाजी स्टुलावर बसले होते, एक हात गुडघ्यावर, जरा पुढे वाकून. दुसऱ्या हाताने पिवळ्या मुठीचा स्क्रूड्रायव्हर स्वतःच्या छातीला टेकवला होता आणि मूठ ताईच्या कानाला होती. डबा तसाच टेबलावर. "अगं ये, ये, तूसुद्धा ऐक," ताई म्हणाली. "काही नाही! एवढासुद्धा आवाज नाही. सकाळपासून कमी कमी होत गेला आणि आता बंदच झाला." तिचे डोळे भरून आले होते. दाजींनी मला अंगठा वर करून दाखवला. त्यांच्या चेहऱ्यावर तेच भाव होते, पंखा निमूट फिरायला लागला की यायचे ते.

मी म्हटलं, "काय दाजी, सायलेन्सर बसवून घेतलात की काय?"

यावर मला निदान दोन टोमणे बसायला हवे होते. दाजी म्हणाले, "सुई." मग थांबले. खांदे वर गेले, खाली आले. मग म्हणाले, "बाई."

अंगातला शर्ट मीच शिवलेला होता, तो त्यांच्या अंगावर कसा बसतो हे मला पाठ होतं. छातीवरचं कापड हलतच नव्हतं. वर-खाली होत होते ते नुसते खांदे. गळ्याच्या हाडामागचा खळगा दर श्वासाला आत ओढला जात होता, कपाळ घामाने थबथबलं होतं आणि ओठांवर निळी झाक होती. माणूस श्वास घ्यायचं नुसतं काम करत होता, श्वास काही मिळत नव्हता.

"ताई, डबा ठेव. यांना आत्ताच्या आत्ता न्यायचं."

"अगं पण आवाज बंद झालाय—"

"म्हणूनच!" मी किंचाळले. का किंचाळले ते मला तेव्हा नीट सांगता आलं नसतं. इतकंच कळत होतं की हा ट्रान्सफॉर्मरच्या वेळचा शांतपणा नाही. तेव्हा दाजी पत्ते पिसत होते. आता त्यांना माझं पूर्ण नाव घेता येत नव्हतं.

कूलर न्यायला आलेलं एक गिऱ्हाईक दारात टेम्पो घेऊन उभं होतं. त्याने कूलर खाली ठेवला आणि दाजींना उचललं. तशा अवस्थेतही दाजी हाताने सोल्डरच्या आयर्नच्या प्लगकडे खुणा करत होते, बंद करा म्हणून. टेम्पोत ताई त्यांचा हात धरून बसली होती आणि दर थोड्या वेळाने मला सांगत होती, "पण आवाज नाहीये गं आता." मी टेम्पोवाल्याला घाई करत राहिले. तिला उत्तर दिलं असतं तर काहीतरी वाईट बोलले असते.

दवाखान्यात डॉक्टरबाईंनी नळी लावली. पुढून लावली, पाठीमागून लावली, बगलेत लावली. ताईने त्यांनाही मोठ्या आशेने सांगितलं, "बाई, सकाळपासून शिट्टी अजिबात नाही."

"वाजायला वारा आत जातोय कुठे?" बाई म्हणाल्या, आणि वळून त्यांनी नर्सला इतक्या मोठ्याने हाक मारली की सगळा वॉर्ड उठून बसला. मोजकं बोलणाऱ्या बाईंचा तो आवाज ऐकून ताई दोन पावलं मागे सरली. ती भिंतीला धरून खालीच बसली. दाजींच्या तोंडावर वाफेचा मास्क आला, हातात सुई गेली, आणि त्यांचे डोळे मिटायला लागले तशी नर्स त्यांच्या गालावर थापट्या मारून म्हणत राहिली, "काका, झोपायचं नाही. काका, माझ्याकडे बघा."

आम्हाला पडद्याबाहेर काढलं. मी देवाला काही बोलले नाही. मला दाजींचाच राग येत होता. त्या कपॅसिटरच्या डब्याचा, त्या खोक्याचा, "आवाज गेला, बिघाड गेला" या वाक्याचा. इतका राग की रडू फुटायला जागाच राहिली नव्हती.

बराच वेळ गेला. मग पडद्याआडून ती आली. बारीक, चिरकी, तुटक. मग जरा लांब. मग शेवटाला वर चढणारी. दाजींची शिट्टी.

ताईने माझं मनगट आवळलं. "पुन्हा सुरू झाली गं! बरी झाली होती ती पुन्हा सुरू झाली!" आणि ती हमसून हमसून रडायला लागली. डॉक्टरबाई पडदा सारून बाहेर आल्या. त्यांच्या चेहऱ्यावर चक्क हसू होतं.

"रडू नका," त्या म्हणाल्या. "वाजू द्या. वारा जायला लागलाय."

माझा जीव भांड्यात पडला. ताईला मात्र ते पटायला दोन दिवस लागले.

दाजींना त्याच्या आधीच कळलं होतं. तिसऱ्या दिवशी उशीला टेकून बसले होते. म्हणाले, "सुईबाई, कुणी बंद पडलेला पंखा आणून म्हणालं असतं की हा आवाज करत नाही म्हणजे उत्तम आहे, तर मी त्याला काय म्हटलं असतं?"

"गाढव म्हटलं असतंत."

"हं," ते म्हणाले आणि तळहात छातीवर ठेवून शिट्टी वाजतेय ना ते बघितलं. बंद मोटारही आवाज करत नाही, हे लहान मुलालाही कळतं. ते ज्याचा धंदाच आहे त्याला कळलं नाही, कारण आवाज जावा यासाठीच तो इतकी वर्षं झटत होता. त्या दिवशी मी दाजींना पहिल्यांदा घाबरलेलं पाहिलं. नंतर मात्र त्यांनी शब्द दिला की आयर्नला हात लावणार नाही, आणि तो पाळला.

स्टूल दुकानाबाहेर गेलं, पायरीशेजारी, उघड्यावर. दाजी तिथे बसून मोटारी ऐकायचे, खोलायचे, जुळवायचे. सोल्डरचं काम ताईने घेतलं. दुकान चालायला हवं होतं आणि दुसरं होतं कोण? तिचे हात माझ्याहूनही स्थिर. चार-सहा दिवसांत ती अशी टोकं जोडायला लागली की दाजी पायरीवरून म्हणायचे, "आता मला कोण विचारतंय?" मी तिला म्हटलं होतं, "आणि धुराचं काय?" ती म्हणाली, "मला कुठे दमा आहे? काही जणांनाच बाधतो, बाईच म्हणाल्या ना. आणि मी रुमाल बांधते." मी दाजींना म्हटलं, "तो खोका काढा आणि भोकात पंखा बसवा." ते म्हणाले, "बसवू. एवढा सीझन होऊ दे."

सीझन गेला, दुसरा आला. दाजी सुधारले. पंप खिशात आला. जिना न वाजता चढायला लागले, तर मीच दोनदा दचकले. टोमणे पूर्वीसारखे पूर्ण लांबीचे यायला लागले. शिट्टीमास्तर हे नाव पोरांनी हळूहळू टाकून दिलं. इतकं सगळं बरं चाललं होतं की खोका आम्हा सगळ्यांच्याच डोळ्यांपुढून गेला.

परवा दुपारी मी पडद्यांचं काम करत होते. दोरा संपला म्हणून मशीन थांबवलं. आणि प्लायवूडमधून आवाज आला. बारीक, लांब, शेवटाला वर चढणारा.

मी जी उठले ती कात्री हातात घेऊनच. मनात म्हटलं, बसला पुन्हा टेबलाशी. शब्द दिला आणि बसला. आज या माणसाला मी सोडत नाही. तणतणत बाहेर आले.

दाजी पायरीवर बसले होते. मांडीवर मिक्सर, कानाला पिवळी मूठ, डोळे मिटलेले. त्यांची छाती शांत होती आणि शर्ट सावकाश वर-खाली होत होता.

त्यांनी डोळे उघडले. "काय सुईबाई, आज कुणाचा गळा कापायचा?"

मी आत बोट केलं. दाजी आधी हसले, मग ऐकू लागले, आणि मग त्यांच्या तोंडावरचं हसू गेलं. तो आवाज या गल्लीत त्यांच्याहून चांगला कोण ओळखणार? त्यांनी मिक्सर खाली ठेवला आणि आत गेले. पांढऱ्या धुरात ताई मान खाली घालून बसली होती. रुमाल नाकावरून घसरून गळ्यात आला होता.

"झालंच," ती मान वर न करता म्हणाली. "एक टोक राहिलंय."

दाजींनी स्क्रूड्रायव्हरचं टोक तिच्या पाठीला टेकवलं, दोन खांद्यांच्या मधोमध. मूठ कानाला लावली आणि डोळे मिटले.

"अहो, काय हे! गुदगुल्या होतात," ताई हसली, आणि त्या हसण्याच्या शेवटाला ती शिट्टी स्पष्ट वाजली. "थंड पाणी प्यायले ना काल. त्याचं आहे ते."

मी वाट बघत होते. दाजी डोळे उघडतील आणि नेहमीसारखं निदान सांगतील. डोळे न उघडताच त्यांनी दुसरा हात टेबलामागे नेला, प्लग चाचपला आणि उपटून काढला.

"अहो, एक टोक राहिलंय."

"राहू दे."

"गिऱ्हाईक संध्याकाळी येणार आहे—"

"राहू दे म्हटलं ना!" दाजी ओरडले. बायकोवर ओरडताना मी त्यांना आजवर ऐकलं नव्हतं. स्वतःच्या जिवासाठी जे त्यांना इतकी वर्षं जमलं नाही, ते तिच्यासाठी एका हाताने झालं. मला त्यांचा विलक्षण राग आला आणि तितकंच वाईट वाटलं.

मी जाऊन भोकातला खोका ओढून काढला. आयर्न निवत होतं आणि धूर भोकाकडे सरकत होता. ताईचा श्वास वाजत होता. दाजींनी मूठ कानापासून काढली नव्हती.